मोसंबीच्या सालीचा पाव

काल संध्याकाळी बसस्टँडवरून घरी येताना ज्यूसच्या गाड्यामागे मोसंबीच्या सालींचा ढीग दिसला आणि मी रिक्षा थांबवली. चाळिशी गाठलेली, चष्मा लावलेली, खांद्याला पर्स अडकवलेली बाई गाड्यापाशी येते आणि ग्लास न मागता साली मागते, तेव्हा ज्यूसवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. "गायीला पाहिजेत का मॅडम?" त्यानं विचारलं. "नाही, पावाला," मी म्हटलं. त्याला ऐकू आलं, पण पटलं काही नाही. पिशवी भरून देताना तो आपल्या सोबत्याकडे बघून हसला. हसू दे. या बाबतीत माझ्यावर हसणाऱ्यांची रांग फार मोठी आहे आणि त्या रांगेत पहिला नंबर माझ्या वडिलांचा लागतो.

आज सकाळी गच्चीवर जुनी साडी अंथरली आणि साली पसरल्या. जालन्याचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय विचारता! दहा वाजता गच्चीवर पाय ठेवला की तळवे भाजतात. पण सालींना असंच ऊन लागतं. तासाभरात त्यांच्या कडा आत वळायला लागतात, पिवळा रंग गडद होतो आणि वास सुटतो. रसाचा वास वेगळा, तो गोड आणि भोळा. सालीचा वास तिखट असतो, नाकात शिरून जरा टोचतो. तो वास आला की मी जालन्यात राहत नाही. शहागडला, हमरस्त्याच्या कडेला, दादांच्या बेकरीच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहते. वय एकवीस, दोन वेण्या, आणि डोक्यात हवा.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्या घरी शेती थोरल्या काकांकडे होती, मोसंबीची बागही त्यांचीच. दादांचं मन शेतीत कधी रमलं नाही. तरुणपणी ते हैदराबादला गेले, तिथं एका बेकरीत चार वर्षं राबले आणि परत येऊन शहागडला रस्त्यालगत भट्टी बांधली. गोदावरीचा पूल ओलांडून येणारे ट्रक आमच्या बेकरीशेजारच्या चहाच्या हॉटेलावर थांबायचे. ड्रायव्हर लोक चहात बुडवून दादांचा पाव खायचे आणि पुढच्या मुक्कामासाठी एक लादी बांधून घ्यायचे. दादांच्या पावाला कोणी कधी नाव ठेवलं नाही. मैदा, मीठ, चिमूटभर साखर, खमीर आणि पाणी. सहावी वस्तू भट्टीच्या दारातून आत जाणार नाही, असा त्यांचा कायदाच होता. एकदा आईनं हौसेनं लादीवर तीळ लावले, तर दादा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मी परभणीला गृहविज्ञान शिकत होते. पहिली तीन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं. ते एक वर्ष तेवढं मला हवं होतं. बाकी काही नको, साडी नको, सोनं नको, ते एक वर्ष पाहिजे. त्या उन्हाळ्यात मी सुटीला घरी आले तेव्हा कळलं की भोकरदनचं एक स्थळ चालून आलंय. मुलगा मास्तर, घरची शेती, माणसं बरी. काकांना पसंत, आईला पसंत. दादा काहीच बोलत नव्हते, आणि दादा बोलत नाहीत याचा अर्थ आमच्या घरात होकार असाच धरायचे.

मृग बहाराची फळं तेव्हा निघत होती. मृगाच्या सुमाराला झाडावर धरलेली फळं पुढच्या उन्हाळ्यात तयार होतात, म्हणून त्याला मृग बहार म्हणायचं. रस्त्याला दुतर्फा ज्यूसच्या गाड्या. उन्हानं करपलेले लोक मोटारीतून उतरायचे, दोन दोन ग्लास एका दमात प्यायचे आणि पुढं निघायचे. गाड्यांच्या मागे सालींचे ढीग साचायचे. जनावरं थोडं खायची, बाकीचं तिथंच कुजायचं. माश्या घोंगावायच्या. मी रोज ते बघायचे आणि मला वाटायचं, हे सगळं वाया चाललंय. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं की फळांच्या टाकाऊ भागाचं पीठ करून ते पावात घालता येतं, त्यानं पाव पौष्टिक होतो, पोट साफ राहतं. पुस्तकात लिहिलंय म्हणजे ते खरं असणार आणि मला जमणारच, असं वाटायचं ते वय.

एका दुपारी मी दादांपुढं जाऊन उभी राहिले. ते भट्टीच्या कडेला बसून विडी ओढत होते.

"दादा, मला शेवटचं वर्ष करायचंय."

"तीन वर्सं काय शिकली?"

"पुष्कळ शिकले."

"पावातलं असं काय शिकली जे मला येत न्हाई?"

मी फट्कन म्हणाले, "मोसंबीच्या सालीचा पाव."

दादा हसले. असं हसले की शेजारच्या हॉटेलवाल्यानं वाकून बघितलं. "साल? उकिरड्यावरली साल? माझ्या भट्टीत?" मग विडी विझवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "बरं. कर मंग. बाजाराच्या दिवशी तुझा पाव इकू. गिऱ्हाइकानं दुसऱ्या दिवशी येऊन तोच मागितला, तर जा परभणीला. न्हाई मागितला तर भोकरदनचे पावणे येऊन राह्यले, गपगुमान चहा घेऊन बाहेर यायचं. बिलकुल रडायचं न्हाई."

असा आमचा करार. आजच्या मुलींना सांगितला तर त्या माझ्यावर चिडतात. म्हणतात, शिक्षण काय पावावर ठरवायचं असतं? मीही तेव्हा मनातून चिडलेच होते. पण खरं सांगते, त्या क्षणी मला दादांचा राग कमी आणि आनंद जास्त झाला होता. त्यांनी भट्टी दिली होती. तीळसुद्धा न चालणाऱ्या माणसानं भट्टी दिली होती.

मग माझी धावपळ. गाड्यांमागून साली गोळा केल्या, धुतल्या, बेकरीच्या पत्र्यावर वाळवल्या. वाळून अशा खडखडीत झाल्या की मुठीत चुरा व्हायचा. गिरणीवाला काही केल्या दळून देईना. "आवं, तुमच्या मागं ज्याची ज्वारी दळीन, त्याच्या भाकरीला वास मारंल. लोक मला जोड्यानं मारतील," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मग आईचं जातं खाली काढलं. दोन दिवस दळलं, हाताला फोड आले. आई बघत होती. दुसऱ्या दिवशी गुपचूप समोर येऊन बसली आणि तिनंही खुंट्याला हात लावला. चाळणीतून जे पीठ पडलं ते फिकट पिवळं, रेशमासारखं मऊ. मी ते गालाला लावून बघितलं होतं. वेडी होते.

बाजाराच्या दिवशी सकाळी पाव भट्टीतून निघाले. अहाहा! अजून नाकात आहे तो वास. पावाचा तो भाजका, उबदार वास, आणि त्याच्या पाठीमागून मोसंबी. कवच जरा गडद, आत पिवळसर. दादांनी एक पाव मोडला, वाफ निघाली, तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा तुकडा घेतला. ड्रायव्हर लोकांनी तर लाद्या हातोहात उचलल्या. "दादा, आज पावाला काय वास सुटलाय!" एकानं विचारलं. "पोरगी शिकून आलीय," दादा म्हणाले. हे वाक्य मी त्या दिवशी शंभरदा मनात घोळवलं. बाजारातल्या बायकांनी पोरांसाठी नेले, दुपारी बारापर्यंत टोपल्या रिकाम्या. मी जेवले नाही, भूकच नव्हती. परभणीच्या होस्टेलची खोली डोळ्यांपुढं येत होती, खिडकीपाशी असलेली माझी खाट.

चार वाजता पहिली बाई परत आली. हातात अर्धा खाल्लेला पाव.

"आवं दादा, ह्यो कडू जहर झालाय की!"

मला वाटलं, हिच्या तोंडाला चव नाही. पण पाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी. एकीच्या पोरानं थुंकून टाकला होता. मी मागं ठेवलेला पाव मोडला आणि खाल्ला. पहिल्या घासाला काही नाही. गिळला, आणि मग घशातून, जिभेच्या मुळापासून कडू वर आलं. सकाळी नव्हतं ते. सकाळी शपथेवर नव्हतं.

आमच्या भागातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, मोसंबीचा रस काढला की लगेच प्यायचा असतो. ठेवला की कडू होतो. पाहुण्याला रस द्यायचा तर पाहुणा ओट्यावर चढल्याशिवाय फळ कापत नाहीत. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. शिवाय त्या कडूपणाचं लांबलचक नाव मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण घेतले होते. सगळं माहीत असून मी गरम पाव खाल्ला, खूश झाले आणि विकायला काढला. संध्याकाळपर्यंत थांबायचं मला सुचलंच नाही. मोसंबीच्या मुलखात जन्मलेल्या मुलीनं असली चूक करावी म्हणजे कमालच झाली.

दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "नंदा, रस ठेवतो का कदी आपण?"

"न्हाई."

"मंग साल काय येगळ्या झाडाची हाय का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साधे पाव केले, टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि स्वतः दुसरी टोपली घेऊन पुढं निघाले. ज्या ज्या घरी पाव गेला होता त्या प्रत्येक घरी आम्ही गेलो. कडू पाव घ्यायचा, चांगला द्यायचा. "पोरीच्या हातून चुकलं" असं दादा एकाही दारात म्हणाले नाहीत. "आमच्या भट्टीतून चुकीचा गेला" एवढंच म्हणायचे. मी मागं मान खाली घालून. लाजेनं मेल्याहून मेले होते. गोळा झालेले कडू पाव म्हशीला घातले. ती बिचारी दोन टोपल्या खाऊन गेली, पण पुढचे दोन दिवस आई दूध हुंगून बघत होती.

करार मी हरले होते. घरात ते सगळ्यांना माहीत होतं. भोकरदनचे पाहुणे पुढच्या आठवड्यात यायचे ठरले. आईनं पेटीतून हिरवी साडी काढून उन्हात घातली.

बेकरीच्या मागच्या घरात काकीजी राहायच्या. मारवाडी कुटुंब, तीन पिढ्यांपासून गावात, किराण्याचं दुकान. काकीजी गोऱ्या, ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी त्यांच्या ओसरीवर बसून रडत होते तेव्हा त्या कोपऱ्यातल्या बरणीत हात घालून काही ढवळत होत्या. बोराच्या बीएवढी हिरवी फळं, ताकात बुडालेली. त्यांच्या गावाकडून, राजस्थानातून कोणी आणून द्यायचं ते केर, तिकडच्या काटेरी झुडपाचं फळ.

"हे कच्चं खाऊन बघ," त्यांनी अजून ताकात न घातलेलं एक माझ्या हातावर ठेवलं. मी चावलं आणि थुंकले. माझ्या पावाहून कडू होतं.

"बावळी! हे झाडावर असंच असतं. आम्ही काय फेकून देतो? छाछमध्ये ठेवायचं, आठ दिवस. रोज छाछ बदलायची. कडू आपोआप निघून जाते. जल्दी केली की फसलं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तू साल छाछमध्ये ठेवली होती का?"

तीन वर्षं शिकून जे मला सुचलं नाही ते काकीजींच्या कोपऱ्यातल्या बरणीत होतं. मी डोळे पुसले आणि घरी पळाले. आता करार नव्हता, काही मिळणार नव्हतं, तरी पळाले. ते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कडू झालेली गोष्ट तशीच टाकून लग्नाला उभं राहायचं नव्हतं, एवढं मात्र पक्कं होतं.

या वेळी सालीच्या आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून काढला. बोटं चुरचुरायची. साली ताकात घातल्या, रोज ताक बदललं. आठ दिवस हातात नव्हते, चारच मिळाले. वाळवल्या, दळल्या. दादांना विचारायची हिंमत नव्हती. पण पहाटे उठले तर त्यांनी मैद्याचा एक गोळा वेगळा काढून झाकून ठेवला होता. त्याच्याकडे हनुवटीनं खूण केली आणि ते भट्टीत लाकडं सारायला गेले. मी मूठभर पीठ त्यात मळलं. एकच लादी झाली. कोणाला विकली नाही. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. संध्याकाळी एक तुकडा खाल्ला, कडू नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ला, तेव्हा गिळल्यावर अगदी किंचित, मागून.

त्याच दुपारी भोकरदनचे पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि एक मामा. मी हिरवी साडी नेसून चहा घेऊन बाहेर आले. गपगुमान. रडले बिलकुल नाही. चहा ठेवला आणि बघते तर दादा फळीवरून ती लादी काढून मोडत होते. प्रत्येकाच्या बशीत एक तुकडा.

कालचा पाव, तोही सालीचा, पाहुण्यांना!

मुलाच्या वडिलांनी चहात बुडवून खाल्ला. "वा, छान हाय. वास लई छान हाय."

"खरं सांगा पावणे," दादा म्हणाले, "कडू हाय ना?"

"न्हाई न्हाई, कुठं!"

"घरचंच समजा. खरं बोला."

पाहुण्यांनी बायकोकडे बघितलं, मामाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "जरासाक. मागून येतो."

"बराबर!" दादांनी मांडीवर थाप मारली. "मागून येतो. वीस वर्सं मी भट्टीपुढं बसून राह्यलो, मला ह्यो कडूपणा घालवता येत न्हाई. हिनं निम्म्याहून जास्त घालवला. निम्म्यापरीस कमी राह्यलाय, अन् शिक्षणाचं एक वरीस राह्यलंय. तेवढं होऊ द्या. मंग बघू."

आई दारात उभी. काका खाकरले. मुलाची आई म्हणाली, "लग्न झाल्यावर शिकंल की हो."

"तुमी शिकल्या का, ताई?" दादांनी इतक्या साध्या आवाजात विचारलं की त्यात टोमणा नव्हताच. "आमची ही शिकली का?"

बाहेर एक ट्रक गेला, पत्रा थरथरला. निघताना ती बाई माझ्यापाशी थांबली. बशीत उरलेला पावाचा तुकडा तिनं रुमालात बांधून घेतला होता. "मला सातवीतून काढल्तं," ती म्हणाली, आणि माझ्या गालाला हात लावून गेली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते लोक आले नाहीत. त्यांना थांबायला सवड नसेल, राग नाही. त्या बाईला मात्र मी विसरले नाही.

जूनमध्ये दादा मला परभणीच्या गाडीत बसवायला आले. कराराचा विषय एका शब्दानंही काढला नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "कडू हाय अजून, ध्यानात ठेव."

शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं, जालन्यात घर झालं. आता मी मुलींना बेकरीचं काम शिकवते. सालीचं पीठही शिकवते, आणि पहिल्याच दिवशी सांगते, गरम पावावर विश्वास ठेवू नका. दर मृग बहाराला मी एक लादी करते. साली पूर्ण आठ दिवस ताकात ठेवते, काकीजींनी सांगितलं तसं. पाव एक दिवस मुरू देते आणि दुसऱ्या दिवशी शहागडच्या गाडीत बसते. दादा तुकडा तोंडात टाकतात, डोळे मिटतात, गिळून थांबतात आणि म्हणतात, "हं. थोडा कडू हाय अजून." मला आधी राग यायचा. मी भांडायचे, आईला खायला लावायचे, शेजाऱ्यांना साक्षीला आणायचे. सगळे म्हणायचे, कुठं कडू आहे? दादा हटायचे नाहीत. "पुढल्या बहाराला बघू," म्हणायचे.

भट्टी बंद होऊन चार वर्षं झाली. दादा थकले आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला, आणि त्यानंतर त्यांच्या तोंडाची चव गेली. पूर्ण गेली. आईनं फोनवर सांगितलं, चहात साखरेच्या जागी मीठ पडलं तरी पिऊन टाकतात. डॉक्टर म्हणतात, या वयात परत यायची नाही. जन्मभर ज्यानं जिभेवर भट्टी चालवली त्या माणसाला हे व्हावं! मी फोन ठेवला आणि रडले. दादांना रडलेलं आवडत नाही, पण रडले.

या बहाराला करावा की नको, असं वाटत होतं. पण शेवटी केलाच, आणि परवा घेऊन गेले. दादा बाजेवर उशीला टेकून बसले होते. मी पाव मोडला, तुकडा हातात दिला. त्यांनी आधी तो नाकाशी नेला, सवयीनं. मग तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. त्यांनी सावकाश चावला, गिळला आणि थांबले. पूर्वी थांबायचे तितकंच थांबले.

"हं," दादा म्हणाले, "थोडा कडू हाय अजून."

मी सकाळी निघताना खाऊन बघितला होता. नव्हता. "हो दादा," मी म्हटलं, "पुढल्या बहाराला बघते."

वाळवून ठेवलेल्या साली पुढल्या बहारालाही ताकात घालता येतात. काल शहागडहून परतताना त्या गाड्यामागच्या साली मी उगाच नाही घेतल्या.